आधी काठी, मग कागद

सावलीकाका माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या पायाशी बघत. नव्याने भेटणाऱ्याला वाटे, आपल्या बुटांना काहीतरी लागलंय. आमची पहिली भेट न्यू जर्सीतल्या आयसेलिनला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये झाली, तेव्हा मीही घाईघाईने माझे बूट पाहिले. सेलमधून घेतलेले, एक नंबर मोठे. काका म्हणाले, "बूट नाही पाहून राहिलो, बाई. तुझी सावली पाहून राहिलो. साडेदहा झाले असतील." माझ्या घड्याळात दहा बत्तीस झाले होते. मी तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खरोखर पडला. "दोन मिनिटं चुकलो," ते म्हणाले, आणि मग कुठे त्यांनी माझं नाव विचारलं. नाव सांगितलं तरी त्यांनी मला कायम गावाच्या नावानेच हाक मारली. "ए उदगीर, इकडे ये."

आमची कंपनी लहान होती, पण तिच्यामागचा पैसा मोठा होता. अमेरिकेतल्या पेन्शन फंडांकडून पैसा उभा करायचा आणि युरोपातले सौर प्रकल्प विकत घ्यायचे, हा तिचा धंदा. स्पेनचं आणि जर्मनीचं सरकार तेव्हा सौर विजेला वर्षानुवर्षं ठरावीक चढा दर द्यायला तयार होतं, त्यामुळे तिथल्या उन्हावर पैसा लावायला मोठमोठ्या लोकांची झुंबड होती. प्रकल्प घेण्याआधी तिथे ऊन किती, पॅनल नीट बसवलेत का, कशाची सावली पडते का, हे सगळं तपासून अहवाल लिहावा लागे. अहवाल मी लिहायची. शेवटच्या पानावर 'तपासले' या शब्दाखाली काका सही करायचे. ती सही झाल्याशिवाय पैसा सुटत नसे.

मजा अशी की आम्ही दोघांनीही स्पेन कधी पाहिला नव्हता. माझा व्हिसा असा होता की देशाबाहेर गेलं तर पुन्हा शिक्का मिळेपर्यंत बाहेरच अडकायची भीती. काकांना तर घर सोडून चार दिवसही कुठे जाणं शक्य नव्हतं. त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागे. तो सगळा खर्च काकांच्या नोकरीतल्या विम्यातून होई. "आमच्या घरचं मशीन कंपनीच्या कागदावर चालते," काका म्हणत. तेव्हा एक नागपूरचा म्हातारा आणि एक उदगीरची पोरगी आयसेलिनमध्ये बसून स्पेनच्या उन्हाची खात्री देत असत, फक्त फोटोंवरून.

म्हणून काकांनी काठीचा नियम काढला होता. प्रकल्पाच्या प्रत्येक फोटोत, बरोबर मध्यान्हीला, जमिनीच्या वर एक मीटर राहील अशी सरळ काठी रोवलेली हवी आणि तिच्या बुडापासून सावलीवर टेप पसरलेली हवी. काठी नसेल तर फोटो परत. तिकडची माणसं वैतागत, हसत, पण काठी लावत. त्यांना वाटे, पॅनलच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ही काठी. मी एकदा म्हटलं, "काका, खरं कारण त्यांना सांगून टाका ना, म्हणजे ते नीट लावतील." काका म्हणाले, "खरं कारण सांगितलं, तर ते सावलीही तयार करून पाठवतील. आधी काठी, मग कागद. तू एवढंच ध्यानात ठेव."

ते आधी खाणीतले सर्व्हेअर होते. जमिनीखाली, अंधारात मोजणी करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. खालचा नकाशा वरच्या जमिनीशी जुळवायला सूर्य बघून उत्तर दिशा काढायची, हे ते तिथेच शिकले. त्यांनी मला जे शिकवलं ते माझ्या कुठल्याही पदवीत नव्हतं. अमुक अक्षांशावर अमुक तारखेला काठीची मध्यान्हीची सावली किती, हे ते तोंडी सांगत, म्हणून फोटो खरंच त्या गावचा आणि त्या दिवसाचा आहे का, हे सावली मोजली की कळे. मी मराठी शाळेतून आलेली, घरातली पहिली पदवीधर. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना मी अडखळायची. काका शेजारी बसून कागदावर लिहीत, "काहून घाबरून राहिली? आकडा तुझा बरोबर आहे," आणि कागद माझ्याकडे सरकवत. 'जवळपास' हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. "जवळपास म्हणजे किती जवळ आणि कोणाच्या पास?" असं विचारून ते मला परत मोजायला लावत.

माझ्या वडिलांचं उदगीरला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात सही म्हणजे प्रगतिपुस्तकावरची, तीही वडील जीभ दाताखाली धरून करत. माझं नाव छापलेलं पहिल्या अहवालाचं पान मी त्यांना पाठवलं, तर त्यांनी ते काचेत बसवून दुकानात लावलं. रविवारी फोनवर म्हणाले, "तुझी सही तिकडे चालते का गं?" मी म्हटलं, "अजून नाही आबा. अजून एका काकांची चालते." हे काकांना सांगितल्यावर ते खूप हसले. "तुझ्या आबांना सांग, लवकरच चालेल. काकाचा ठेका संपत आला."

काकांकडे गाडी होती, पण ते ती बैलगाडीसारखी चालवत. म्हणून मंगळवारी काकूंना डायलिसिसला सोडायचं काम मी घेतलं होतं. काकू गाडीत बसल्या की पिशवीतून संत्रं काढत. त्यांना स्वतःला संत्रं खायची सक्त मनाई होती. त्या सोलत, सालाचा वास घेत आणि फोडी मला देत. "खा तू. मी नाकानं खाल्लं." काका मागे बसून म्हणत, "नागपूरची बाई आणि संत्रं वर्ज्य. देवाला इतकंच सापडलं." त्यावर काकू म्हणत, "तुम्ही नका बोलू. तुम्ही तर उन्हाचे साहेब आणि जन्म गेला खाणीत."

दर वर्षी एकवीस डिसेंबरला आमचा एक कार्यक्रम असे. सगळ्यात लहान दिवस, म्हणजे मध्यान्हीची सगळ्यात लांब सावली. काकूही दोन शाली गुंडाळून पार्किंगमध्ये येत. काका काठी उभी करत, काकू टेपचं शून्याचं टोक काठीच्या बुडाशी धरत आणि मी दुसऱ्या टोकाशी आकडा वाचत असे. शून्य काकूंशिवाय कोणी धरायचं नाही, असा काकांचा दंडक होता. "बाकी कोणाचा हात हलते." न्यू जर्सीचा आकडा दरवर्षी दोन मीटर पाच सेंटिमीटर येई. बदलणार नाही हे तिघांनाही ठाऊक असे. तरी तो आला की काकू समाधानाने मान हलवत. "झालं. आता उद्यापासून कमी व्हायला लागेल."

एका वर्षी त्याच दिवशी एका शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे प्रमुख ऑफिसला भेट द्यायला आले होते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या कुठल्याशा लहान गावचे निवृत्त मुख्याध्यापक, उंच आणि ओढलेल्या चेहऱ्याचे. आमचा साहेब विक्रम त्यांना मोठ्या पडद्यावर काय काय दाखवत होता. त्यांनी मध्येच खिडकीतून खाली बघून विचारलं, "ही माणसं थंडीत काय करतायत?" मग ते स्वतःच खाली आले. काकांनी ओळख करून दिली नाही, काठी त्यांच्या हातात दिली आणि इंग्रजीत म्हणाले, "सरळ धरा." मुख्याध्यापकांनी दहा मिनिटं काठी सरळ धरली. जाताना ते विक्रमला म्हणाले, "हा माणूस तुमच्याकडे आहे म्हणून आम्ही पैसा लावतोय." विक्रमने नंतर काकांच्या पाठीवर थाप मारली. "काका, यार, तुम्ही आमचे बेस्ट सेल्समन!" काकांना ते मुळीच आवडलं नाही.

काका एवढे कडक का, हे मला एका मंगळवारी कळलं. काकूंना आत सोडून आम्ही गाडीत बसलो होतो. काका म्हणाले, "उदगीर, मी एकदा न मोजता सही केली होती." खाणीतली एक जुनी बोगद्याची वाट पाण्याने भरलेली होती. आत उतरायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी आधीच्या नकाशावरून ती उतरवून घेतली आणि खाली सही केली. जुना नकाशा चुकीचा होता. पलीकडून खोदत येणाऱ्या माणसांवर पाणी फुटलं. दोघं वर आले नाहीत. "चौकशीत विचारलं, सही कोणाची? सही माझी होती. मला काही झालं नाही. एक वेतनवाढ गेली फक्त." एवढं सांगून ते काच खाली करून बाहेर बघत राहिले.

दोन हजार आठचा सप्टेंबर आला. ट्रेनने तासाभरावर असलेल्या न्यूयॉर्कमध्ये बँका कोसळत होत्या, आणि खाली स्टेशनवर नोकरी गेलेली, टेबलावरचं सामान भरलेली खोकी हातात घेतलेली माणसं भर दुपारी उतरताना दिसत. स्पेनने ठरवलं होतं की महिनाअखेरपर्यंत जे प्रकल्प जोडले जातील त्यांनाच जुना दर. आमच्या टेबलावर चार प्रकल्प एकदम आले, एकाच विकासकाचे, दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत वेगवेगळ्या चार गावांतले. पैसा बहुतेक त्या शिक्षकांच्या फंडाचाच होता. फोटो आले, फोटोत काठी होती. मी चारही सावल्या मोजल्या. पहिली बासष्ट सेंटिमीटर. दुसरी बासष्ट. तिसरी आणि चौथीही बासष्ट.

मी फोटो काकांसमोर ठेवले. त्यांनी ते टेबलावर ओळीने मांडले. मग म्हणाले, "उत्तरेकडची किती पाहिजे?"

"त्र्याहत्तर."

"आणि तारखा?"

"चार वेगळ्या. म्हणजे एकाच जागी काढले असते तरी रोज सेंटिमीटरभर फरक पडला असता."

"मग हे काय आहे?"

"एकच जागा," मी म्हटलं. "एकाच दुपारी काढलेली."

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी पदवी होती. तीन प्रकल्प जागेवर नव्हतेच. तिकडच्या कुणीतरी एकाच प्रकल्पाचे चार बाजूंनी फोटो काढून चार नावांनी पाठवले होते, आणि काकांचा नियम म्हणून इमानेइतबारे प्रत्येक फोटोत काठीही रोवली होती.

विक्रमच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. विक्रम मुंबईचा. वाईट माणूस नव्हता.

"काका, प्लीज. काठी तिरकी लावली असेल."

"चारही वेळा सारखीच तिरकी?"

"यार, एका काठीसाठी मी डील कॅन्सल करू? आज क्लोज नाही केलं तर हे ऑफिसच राहणार नाही. बाहेर काय चाललंय बघताय ना?"

"बाहेरचं तू पाहा. मी फोटोच्या आतलं पाहून राहिलो. नवे फोटो मागव, काठी बरोबर आली की सही करतो."

"वेळ नाही, काका."

"मग सही नाही."

विक्रमने समोरची फाइल मिटली. मग हळूच म्हणाला, "काकूंचा विचार करा." काका उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "तिचाच करून राहिलो. तिला घरी जाऊन तोंड दाखवायचं आहे मला."

दुसऱ्या दिवशी विक्रमने मला एकटीला बोलावलं. शेवटचं पान समोर ठेवलं. 'तपासले' या शब्दाखालची जागा कोरी होती. "तू क्वालिफाइड आहेस. तुझी सही चालते," तो म्हणाला. "आणि बघ, तू केलीस तर काकांवर प्रेशर राहणार नाही. ते आपल्या तत्त्वाने राहतील, त्यांची नोकरी राहील, काकूंचं डायलिसिस चालू राहील. नाहीतर मला काय करावं लागेल ते तुला माहितीये." शेवटी जाता जाता म्हणाला, "तुझ्या ग्रीन कार्डची फाइलही आहेच."

मी आजवर लोकांना सांगत आले की मी काकांना वाचवायला सही केली. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ग्रीन कार्डचं नाव निघालं तेव्हा मी पेन आधीच उचललेलं होतं की नव्हतं, हे मला आठवत नाही. आठवावं म्हणून मी फार प्रयत्न केला आहे. वडिलांचा प्रश्न मात्र त्या वेळी नक्की डोक्यात होता. तुझी सही तिकडे चालते का गं? चालली.

एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. काकांची सही लागत होती तोवरच काका लागत होते. शुक्रवारी दुपारी त्यांना खोकं आणून दिलं. खोक्यात चहाचा थर्मास, टेप आणि दोन वह्या गेल्या. काठी खोक्यात मावेना, ती त्यांनी काखेत धरली. मग ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांना कळलं होतं.

"तू मोजलं होतंस ना?"

"हो."

"किती?"

"बासष्ट."

"बरोबर," काका म्हणाले. "मोजता येते तुला. ते कोणी काढून नाही घेणार."

नोकरी गेली की व्हिसाही जातो आणि विमाही. पंधरा दिवसांत त्यांनी घर रिकामं केलं. मी रोज संध्याकाळी खोकी बांधायला जायची. माफी मागायला तोंड उघडलं की काकू काहीतरी काम सांगत. "तो मिक्सर नको बांधू, तुलाच ठेव." शेवटच्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी माझ्यासाठी संत्रं सोललं. त्यांचे हात सुजलेले होते, साल नीट निघत नव्हतं. "तिकडे पण मशीन आहे गं. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. तू खा." मी खाल्लं.

विमानतळावर काकूंना चाकांच्या खुर्चीतून पुढे नेलं. काका मागे थांबले. त्यांनी माझ्या पायाशी पाहिलं, पण आत दिव्यांचा उजेड, सावली धड पडत नव्हती. मी म्हटलं, "काका, मला वाटलं होतं की तुमची..." त्यांनी हाताने थांबवलं. "एक होऊन जाते, उदगीर. माझीही झाली. दुसरी करू नको." आणि ते खुर्चीमागे चालू लागले.

नोव्हेंबरात त्या तीन नसलेल्या प्रकल्पांची गोष्ट बाहेर आली. एक दिवस फोन वाजला. तेच मुख्याध्यापक होते. आवाज आधीपेक्षा म्हातारा. "तो काठीवाला माणूस आहे का?" मी सांगितलं, ते आता इथे नाहीत. "पण हे त्याने तपासलं होतं ना? आमच्या शिक्षकांना मी तेच सांगितलंय." माझ्यासमोर विक्रमचं रिकामं केबिन होतं, तो आधीच गेला होता. 'जवळपास' असं काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "नाही सर. त्यांनी नकार दिला होता. सही माझी आहे." मग त्यांनी शांतपणे माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि मी एकेक अक्षर सांगितलं. पुढे चौकशी झाली, मी जबाब दिला. मलाही फारसं काही झालं नाही. वर्षअखेरीला ऑफिस बंद झालं, त्याबरोबर ग्रीन कार्डची फाइल गेली.

एकवीस डिसेंबरपर्यंत ऑफिसात आम्ही तिघं-चौघंच उरलो होतो, तेही खोकी भरायला. त्या दिवशी रविवार होता, तरी मी गेले. दुकानातून आणलेली लाकडी दांडी बरोबर एक मीटरवर कापली होती. पार्किंग ओस होतं. दांडी डांबरावर टेकवून बुडाभोवती बर्फ थापून उभी केली, टेपच्या शून्यावर गाडीच्या किल्ल्या ठेवल्या आणि दुसऱ्या टोकाशी जाऊन वाकले. दोन मीटर पाच. घरी येऊन काकांना मेल लिहिली. ते गेल्यापासून मला त्यांना एक ओळही लिहायचं धाडस झालं नव्हतं. त्यात फक्त आकडा लिहिला: "आयसेलिन, २०५."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं. नागपूर इतकं दक्षिणेला की तिथे त्या दिवशी काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

"नागपूर, साडेअठ्ठ्याण्णव. काल गच्चीवर मोजलं. शून्य धरायला कोणी नव्हतं, दगड ठेवला."

काकू गेल्याचं मला असं कळलं.